पोस्टफिक्सवर शाखांचे अलायस: काही पत्ते चालतात, काही परत येतात

टिळकवाडी_ऑफिस

नमस्कार मंडळी. बेळगावात एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात मेल सर्व्हर बसवलाय. डेबियन १२ (लिनक्स), टपाल घेणारा-पाठवणारा पोस्टफिक्स आणि पेट्या सांभाळणारा डोव्हकॉट. टपाल मेलबॉक्समध्ये डोव्हकॉटच्या एलएमटीपीमार्फत (पेटीत टपाल टाकायचा प्रोटोकॉल) पडतं. खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर अशा चार शाखा. शाखाधिकारी दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, म्हणून पत्ता माणसाचा नको, शाखेचा हवा, म्हणजे अलायस: खऱ्या पेटीकडे वळवणारा टोपण पत्ता. त्याच सर्व्हरवर भगिनी संस्थेचं दुसरं डोमेनही आहे. खाली आमचं डोमेन ‘पतपेढी.उदाहरण’ आणि त्यांचं ‘महिला.उदाहरण’ असं धरा. कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच रोमनमध्ये.

अडचणी अशा:

१. /ईटीसी/अलायसेस मध्ये ‘लेखा@पतपेढी.उदाहरण: यूजर०५’ आणि ‘लेखा@महिला.उदाहरण: यूजर०९’ अशा ओळी टाकल्या, न्यूअलायसेस (या फाईलचा डेटाबेस बांधणारी कमांड) चालवलं. ‘नेम मस्ट बी लोकल’ असा नुसता इशारा दिसला, पण दोन्ही पत्ते परत येतात: ‘यूजर अननोन इन लोकल रेसिपियंट टेबल’.

२. शाखाधिकाऱ्यांना टपाल स्वतःच्या जीमेलवर हवंय. फॉरवर्ड लावलं. साधी पत्रं जातात, बँकेकडून आलेली बरीच परत जातात, तीही आमच्याकडे नाही तर थेट बँकेकडे! बाहेर जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक पत्राखाली ‘हा संदेश गोपनीय आहे’ अशी तळटीप लागते, त्याचा काही संबंध असेल का?

३. ‘सर्व@’ या पत्त्यावर सगळ्या स्टाफला टपाल जातं. आता त्यावर बाहेरचा कचराही येतो.

४. संचालक मंडळाला मराठी आणि कन्नड लिपीतले पत्ते हवेत. होईल का?

---

पोस्टमास्तर_निपाणी

पहिल्याचं आधी सांगतो, कारण बाकीचं त्यावर उभं आहे.

अलायसेस फाईल डोमेन ओळखत नाही. ती वाचतो पोस्टफिक्सचा ‘लोकल’ नावाचा डिलिव्हरी एजंट, आणि त्याच्याकडे पोचेपर्यंत पत्त्याचं @ आणि पुढचं सगळं गळून पडलेलं असतं. तो शोधतो फक्त ‘लेखा’. तुमच्या फाईलमध्ये आहे ‘लेखा@पतपेढी.उदाहरण’. जुळणार कसं? डावीकडे नुसतं नाव लिहा:

पोस्टमास्टर: रूट
अब्यूज: रूट
रूट: व्यवस्था
खानापूर: यूजर०३
निपाणी: यूजर०४
वसुली: खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर
ओनर-वसुली: व्यवस्था

पोस्टमास्टर ही ओळ शोभेची नाही, हा पत्ता प्रत्येक मेल डोमेनला चालू ठेवावाच लागतो. आणि रूट (मशीनचा मुख्य यूजर) कोणाकडे तरी वळवा, नाहीतर क्रॉनचे (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचे) सगळे निरोप कोणी न उघडणाऱ्या पेटीत साठत बसतात.

‘ओनर-वसुली’ ओळीकडे लक्ष द्या. ‘वसुली’ यादीतल्या एखाद्याची पेटी भरली तर बाउन्स (न पोचल्याचा निरोप) मूळ पाठवणाऱ्याकडे जातो, म्हणजे कर्जदाराला तुमच्या आतल्या पत्त्यांची नावं दिसतात. ओनर- लावलं की लोकल लिफाफ्यावरचा (सर्व्हर आपसात वापरतात तो, पत्रात दिसतो तो नव्हे) पाठवणारा बदलतो आणि बाउन्स ‘व्यवस्था’कडे येतो.

यादी लांब असेल तर उजवीकडे ‘:इन्क्लूड:/ईटीसी/पोस्टफिक्स/याद्या/वसुली’ असं लिहून नावं वेगळ्या फाईलमध्ये ठेवा. ती फाईल बदलली की न्यूअलायसेस लागत नाही. परवानगी ६४४ (वाचायला सगळ्यांना, लिहायला फक्त मालकाला) ठेवा. रूटची आणि ६०० असेल तर लोकलला ती उघडता येत नाही, कारण तो ती रूटच्या अधिकाराने उघडत नाही.

आता दोन डोमेनचे दोन वेगळे ‘लेखा’. हे अलायसेसमध्ये होणारच नाही. त्यासाठी व्हर्च्युअल अलायस. मेन.सीएफ (पोस्टफिक्सची मुख्य सेटिंग फाईल) मध्ये:

व्हर्च्युअल_अलायस_डोमेन्स = महिला.उदाहरण
व्हर्च्युअल_अलायस_मॅप्स = हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/व्हर्च्युअल

आणि व्हर्च्युअल फाईलमध्ये:

लेखा@पतपेढी.उदाहरण  यूजर०५@पतपेढी.उदाहरण
लेखा@महिला.उदाहरण  यूजर०९@पतपेढी.उदाहरण
पोस्टमास्टर@महिला.उदाहरण  व्यवस्था@पतपेढी.उदाहरण

इथे कोलन नाही, मोकळी जागा. सवयीने कोलन टाकला तर तो पत्त्याचाच भाग होतो आणि पत्ता सापडत नाही. पोस्टमॅप (या फाईलचा डेटाबेस बांधणारी कमांड) ‘की: व्हॅल्यू’ स्वरूपाबद्दल इशारा देतं, पण ते वाचतो कोण! उजवीकडे पूर्ण पत्ता लिहा. नुसतं ‘यूजर०९’ लिहिलं तर मागे मायओरिजिन (सेटिंगमधलं ठरलेलं डोमेन) चिकटतं. डेबियनवर ते /ईटीसी/मेलनेम मधून येतं आणि तिथे बऱ्याचदा ‘मेल.पतपेढी.उदाहरण’ असं पडलेलं असतं. ते मायडेस्टिनेशनमध्ये (सर्व्हर स्वतःची मानतो त्या डोमेनांच्या यादीत) नसलं की टपाल भलतीकडे निघतं.

व्हर्च्युअल बदललं की ‘पोस्टमॅप /ईटीसी/पोस्टफिक्स/व्हर्च्युअल’. न्यूअलायसेस या फाईलला हात लावत नाही, ते फक्त अलायस_डेटाबेसमध्ये नोंदलेल्या फायली बांधतं. दोन्हीनंतर रीलोड लागत नाही, मेन.सीएफ बदललं तरच लागतो.

महिला.उदाहरण हे मायडेस्टिनेशनमध्ये असेल तर आधी तिथून काढा. दोन्हीकडे असलं की लॉगमध्ये ‘डू नॉट लिस्ट डोमेन इन बोथ’ असा इशारा येत राहतो. आणि एक गोष्ट उलटी समजली जाते: व्हर्च्युअल_अलायस_मॅप्स फक्त व्हर्च्युअल डोमेनला लागू नाहीत, सर्व्हरवर येणाऱ्या प्रत्येक पत्त्याला लागू आहेत, म्हणून वरची पहिली ओळ चालते. मग सगळं व्हर्च्युअलमध्येच का नाही? चालेल की. पण :इन्क्लूड:, ओनर- आणि प्रोग्रामला पाइप करणं हे तिथे मिळत नाही.

तपासायला:

पोस्टअलायस -क्यू वसुली /ईटीसी/अलायसेस
पोस्टमॅप -क्यू लेखा@महिला.उदाहरण हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/व्हर्च्युअल
सेंडमेल -बीव्ही वसुली@पतपेढी.उदाहरण

तिसरी कमांड खरं पत्र पाठवत नाही. पत्ता कुठे कुठे फुटतो याचा अहवाल तुमच्या पेटीत टाकते.

---

टिळकवाडी_ऑफिस

अण्णा, दोन्ही ‘लेखा’ चालू झाले. महिला.उदाहरण खरोखरच मायडेस्टिनेशनमध्ये होतं. ‘वसुली’ आणि ‘कर्ज’ दोन्ही व्हर्च्युअलमध्येच घेतले. पण एकच पत्र दोन्ही पत्त्यांना लिहिलं तर खानापूरला दोन प्रती येतात. आणि लॉग कुठे बघायचा? /व्हार/लॉग मध्ये मेल.लॉग नाहीच.

---

पोस्टमास्तर_निपाणी

डेबियन १२ मध्ये आरसिसलॉग (लॉग फायलीत लिहिणारा प्रोग्राम) मूळ इन्स्टॉलमध्ये येत नाही, म्हणून मेल.लॉग नाही. ‘जर्नलसीटीएल -यू पोस्टफिक्स@- -एफ’. त्या @ नंतरचं उणेचिन्ह विसरू नका, नुसतं ‘पोस्टफिक्स’ दिलं तर जवळजवळ रिकामं दिसेल. ओळीत ‘टू=<यूजर०३@…>, ओरिज_टू=<वसुली@…>’ असं येतं. ओरिज_टू म्हणजे पत्र मुळात कुठल्या पत्त्यावर आलं होतं ते. अलायसचा गुंता सोडवायचा तर आधी हेच वाचायचं.

दोन प्रतींचं कारणही तेच. पोस्टफिक्स मूळ पत्ता आणि शेवटचा पत्ता अशी जोडी बघून दुबार प्रत काढतो. जोड्या वेगळ्या, म्हणून प्रती दोन. ‘इनेबल_ओरिजिनल_रेसिपियंट = नो’ केलं की फक्त शेवटचा पत्ता बघेल. मग एक्स-ओरिजिनल-टू हेडर मिळत नाही. त्यावर कोणी फिल्टर लावला असेल तर आधी विचारा.

---

उद्यमबागवाला

बाहेरच्या फॉरवर्डिंगबद्दल. टिळकवाडी साहेब, तुमचा संशय बरोबर आहे, ती तळटीपच घोळ घालतेय.

बँकेचं पत्र तुमच्याकडे येतं तेव्हा लिफाफ्यावर पाठवणारा बँक, आणि आयपीही बँकेचा. एसपीएफ (या डोमेनची पत्रं कुठल्या आयपीवरून यावीत याची यादी) जुळतं. तुम्ही पुढे ढकललं की पाठवणारा बँकच राहतो, पण आयपी तुमचा. एसपीएफ तुटतं. फॉरवर्डिंगमध्ये हे होणारच, त्यात तुमची चूक काही नाही. अशा वेळी पत्राला वाचवते ती डीकेआयएमची (पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल) सही, कारण ती मजकुरावर असते, आयपीवर नाही. मजकूर जसाच्या तसा राहिला तर जीमेलला सही पटते आणि डीमार्क (दिसणाऱ्या फ्रॉममधल्या डोमेनशी एसपीएफ किंवा सही जुळते का ही तपासणी) पास होतं. तुमचा फिल्टर खाली दोन ओळी चिकटवतो, त्यामुळे मजकूर बदलला आणि सहीही मोडली. आता बँकेच्या डोमेनची डीमार्क पॉलिसी ‘रिजेक्ट’ असेल तर जीमेल ५५० ५.७.२६ देऊन परत पाठवतो. साध्या लोकांची पत्रं जातात ती त्यांच्या डोमेनची पॉलिसी ढिली असल्यामुळे.

बाउन्स बँकेकडे जातो कारण लिफाफ्यावर तेच नाव आहे.

करायचं काय:

तळटीप फक्त ५८७ पोर्टवरून (तिथून आपले लोक पाठवतात, २५ वर बाहेरचे सर्व्हर येतात) लॉगिन करून पाठवलेल्या पत्रांना लावा. म्हणजे मास्टर.सीएफ मध्ये कंटेंट_फिल्टर (किंवा मिल्टर, जे वापरत असाल ते) ‘सबमिशन’ सेवेखाली ठेवा, २५ च्या ‘एसएमटीपी’ ओळीखाली नको. विषयापुढे ‘[बाहेरून]’ वगैरे जोडणारा काही असेल तर तोही काढा, कारण विषयावरही सही असते.

मग पोस्टएसआरएसडी बसवा, म्हणजे एसआरएस (फॉरवर्ड करताना लिफाफ्यावरचा पाठवणारा बदलून लिहायची पद्धत). तो लिफाफ्यावरचा पाठवणारा ‘एसआरएस०=हॅश=वेळ=बँकेचं डोमेन=नाव@पतपेढी.उदाहरण’ असा करतो. एसपीएफ तुमच्या डोमेनवर तपासलं जातं आणि बाउन्स तुमच्याकडे येऊन तिथून उलगडून पुढे जातो. डेबियन १२ मधल्या आवृत्तीला /ईटीसी/डिफॉल्ट/पोस्टएसआरएसडी मध्ये एसआरएस_डोमेन द्यावं लागतं. मेन.सीएफ मध्ये:

सेंडर_कॅनॉनिकल_मॅप्स = टीसीपी:लोकलहोस्ट:१०००१
सेंडर_कॅनॉनिकल_क्लासेस = एन्व्हलप_सेंडर
रेसिपियंट_कॅनॉनिकल_मॅप्स = टीसीपी:लोकलहोस्ट:१०००२
रेसिपियंट_कॅनॉनिकल_क्लासेस = एन्व्हलप_रेसिपियंट, हेडर_रेसिपियंट

दुसरी ओळ गाळली तर फ्रॉम हेडरसुद्धा बदलू शकतं आणि लोकांना पाठवणाऱ्याच्या जागी भलताच लांब पत्ता दिसतो. महिला.उदाहरण हे एसआरएस_एक्सक्लूड_डोमेन्स मध्ये घाला, नाहीतर भगिनी संस्थेची स्वतःची पत्रंही एसआरएस होऊन बाहेर पडतील.

एसआरएसने डीमार्क सुटत नाही हे ध्यानात असू द्या. एसपीएफ पास होतं ते तुमच्या डोमेनसाठी, फ्रॉममध्ये असतं बँकेचं डोमेन. डीमार्कला ही दोन डोमेनं एकमेकांशी जुळायला हवीत. म्हणून तळटीप काढणं पहिलं, एसआरएस नंतर.

स्पॅम फिल्टर फॉरवर्डच्या आधी चालायला हवा. कचरा पुढे ढकलला की जीमेलच्या हिशोबात तो कचरा तुमच्या आयपीने पाठवलेला असतो.

---

खानापूर_लिनक्स

उद्यमबागवाल्यांनी लिहिलं ते तंतोतंत बरोबर, पण माझं मत वेगळं. पतसंस्थेचं टपाल खाजगी जीमेलवर नेऊच नका. शाखेच्या नावाची खरी पेटी करा, फोनमध्ये आयमॅप (सर्व्हरवरचीच पेटी वाचायची पद्धत) पोर्ट ९९३ आणि पाठवायला ५८७ लावून द्या. अधिकारी बदलला की पासवर्ड बदलायचा, जुना पत्रव्यवहार शाखेतच राहतो. फॉरवर्ड केलं तर बदली झालेल्याच्या खात्यात ठेवीदारांची कागदपत्रं तशीच राहतात, आणि ती परत कोण मागणार? एसआरएस, डीमार्क हा सगळा खटाटोपही वाचतो.

---

उद्यमबागवाला

ते मान्य. सुट्टीवर असताना तात्पुरतं हवं असेल तेवढ्यापुरतं फॉरवर्ड ठेवा. त्यासाठी अलायस न बदलता त्या यूजरच्या होम फोल्डरात .फॉरवर्ड फाईल:

\यूजर०३, यूजर०४@पतपेढी.उदाहरण

उलटी तिरकी रेघ म्हणजे एक प्रत इथेच ठेव, पुन्हा फोडत बसू नको. फाईल त्या यूजरच्या किंवा रूटच्या मालकीची हवी आणि सगळ्यांना लिहिता येईल अशी नको. ६४४ ठीक, ६६६ असेल तर पोस्टफिक्स लॉगमध्ये इशारा देतो आणि ती बाजूला टाकतो. एलएमटीपी असूनही हे चालतं, कारण लोकल आधी अलायस बघतो, मग .फॉरवर्ड, आणि त्यानंतर मेलबॉक्स_ट्रान्सपोर्ट. पण तुम्ही एलएमटीपी मेलबॉक्स_ट्रान्सपोर्टमध्ये न देता व्हर्च्युअल_ट्रान्सपोर्टमध्ये दिला असेल तर लोकल मधे येतच नाही, ना अलायसेस फाईल ना .फॉरवर्ड. ‘पोस्टकॉन्फ -एन’ काढून बघा.

गणपतीत दोघं एकदम सुट्टीवर आणि खानापूरचं निपाणीला, निपाणीचं खानापूरला असं झालं तर? .फॉरवर्डमध्ये लोकल डिलिव्हर्ड-टू हेडर लावतो, तोच पत्ता पुन्हा दिसला की ‘मेल फॉरवर्डिंग लूप’ म्हणून परत करतो. व्हर्च्युअलमधून बाहेर जाऊन परत येणारं चक्र असं पकडलं जात नाही, तिथे हे हेडर लागतच नाही. हॉपकाउंट_लिमिट म्हणजे ५० रिसीव्हड ओळी (प्रत्येक सर्व्हर एकेक लावतो) भरेपर्यंत पत्र फिरत राहतं.

---

पोस्टमास्तर_निपाणी

‘सर्व@’ साठी. मेन.सीएफ मध्ये

एसएमटीपीडी_रेसिपियंट_रिस्ट्रिक्शन्स = परमिट_मायनेटवर्क्स, परमिट_एसएएसएल_ऑथेंटिकेटेड, चेक_रेसिपियंट_ॲक्सेस हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/आतले

‘आतले’ फाईलमध्ये ‘सर्व@पतपेढी.उदाहरण  रिजेक्ट’, मग पोस्टमॅप. क्रम महत्त्वाचा: आतले आणि लॉगिन केलेले लोक आधीच पुढे गेलेले असतात, बाहेरचा तेवढा अडतो. हा पत्ता अलायस फुटण्याआधी तपासला जातो, म्हणून यादीत कोण आहे याने फरक पडत नाही.

आणि कोणी ‘@पतपेढी.उदाहरण  व्यवस्था@…’ असं सगळं गोळा करणारं एकच कलम सुचवलं तर ऐकू नका. कुठलाही पत्ता मग ‘आहे’ असाच ठरतो, स्पॅमवाले हवं ते नाव लावून पाठवतात, आणि सगळं ‘व्यवस्था’च्या डोक्यावर. त्याहून वाईट म्हणजे ‘@जुनं.उदाहरण  @नवं.उदाहरण’: नसलेल्या पत्त्यांचं टपालही आधी घेतलं जातं आणि मग खोट्या पाठवणाऱ्यांना बाउन्स जात राहतात. डोमेन बदलताना एकेक पत्ता लिहून काढा, चार शाखांचे असे कितीसे होणार.

---

टिळकवाडी_ऑफिस

तळटीप सबमिशनखाली नेली, बँकेची पत्रं जीमेलला पोचू लागली. तरी शाखांना आयमॅपच देतोय, खानापूरकरांचं पटलं. मराठी-कन्नड पत्त्यांचं कोणी सांगेल का?

---

खानापूर_लिनक्स

पोस्टफिक्सला ३.० पासून, म्हणजे २०१५ पासून, एसएमटीपीयूटीएफ८ (रोमनखेरीज इतर लिपीतले पत्ते हाताळायची सोय) येतं. तुमचा ३.७ आहे, पण मेन.सीएफ जुन्या मशीनवरून उचलून आणलं असेल आणि त्यात कंपॅटिबिलिटी_लेव्हल नसेल तर ते बंद असतं. ‘पोस्टकॉन्फ एसएमटीपीयूटीएफ८_इनेबल’ विचारून बघा.

अलायस देवनागरी किंवा कन्नड लिपीत लिहिता येतो, फाईल यूटीएफ-८ हवी. अडचण पुढच्या टप्प्यावर. अलायसने लिफाफ्यावरचा पत्ता रोमन झाला तरी पत्राच्या टू हेडरमध्ये देवनागरी तशीच असते, त्यामुळे पुढच्या प्रत्येक सर्व्हरला एसएमटीपीयूटीएफ८ यावं लागतं. तुमच्याकडे हे घरातच अडणार: डेबियन १२ मधल्या डोव्हकॉट २.३ चं एलएमटीपी ते देत नाही. लॉगमध्ये ‘एसएमटीपीयूटीएफ८ इज रिक्वायर्ड, बट वॉज नॉट ऑफर्ड बाय होस्ट’ आणि पत्र परत. मेलबॉक्स_ट्रान्सपोर्ट काढून ‘होम_मेलबॉक्स = मेलडिर/’ केलं तर लोकल स्वतः पेटीत टाकतो आणि हा अडथळा जातो, पण सिव्हचे (डोव्हकॉटचे टपाल वेगवेगळं लावणारे) फिल्टर चालणार नाहीत. आधी वेगळ्या मशीनवर करून बघा.

पाठवणाऱ्याच्या बाजूलाही तेच, त्याच्या सर्व्हरला येत नसेल तर पत्र निघणारच नाही. म्हणून पावतीवर, पासबुकावर दोन्ही पत्ते छापा, रोमन आणि मराठी.

आणखी एक मराठीचं. संचालकांनी ‘कर्मचाऱ्यांसाठी@’ असा पत्ता मागितला तर त्यातला ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. इनस्क्रिप्टवर नुक्तावाल्या ऱ चा हलंत करून, आणि काही कीबोर्डवर साध्या र ला हलंत देऊन मधे न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच, फाईलमध्ये बाइट वेगळे. पोस्टफिक्स बाइट जुळवतो, त्याला मराठी येत नाही, दुसऱ्या तऱ्हेने आलेलं पत्र ‘यूजर अननोन’. दोन्ही रूपांच्या दोन ओळी ठेवा आणि प्रत्येक रूप ज्या कीबोर्डवर येतं त्याच कीबोर्डवरून पोस्टमॅप -क्यू करून बघा. किंवा सरळ ‘स्टाफ@’ किंवा ‘सेवक@’ ठेवा, त्यात असला ऱ्य येत नाही.